ताईची जांभळी पावलं

त्या सकाळी मी ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करत होते. करत होते म्हणजे, फावडं हातात धरून आमच्या ह्यांनी आधीच किती साफ करून ठेवलंय ते बघत होते. मिल्टनच्या आमच्या गल्लीतली घरं एकाच साच्यातून काढलेली. बर्फ पडलं की आपलं घर कोणतं हे शेजाऱ्याच्या गाडीवरून ओळखायचं. खिशात फोन वाजला. निखिलचा. माझ्या मावसबहिणीचा, सुनंदाताईचा हा मुलगा तिकडे, देशाच्या पश्चिम टोकाला, कोक्विटलामला असतो. तिथं तर अजून उजाडलंही नसेल, हे फोन कानाला लावताना डोक्यात आलं. "मावशी," तो म्हणाला, आणि पुढं त्याचं नेहमीचं भरधाव इंग्रजी सुरू होण्याऐवजी नुसता श्वास ऐकू येत राहिला. "मावशी, आई... इट वॉज हर हार्ट. झोपेतच. द नेबर हॅड अ की... शी फाउंड हर."

मी "बरं" म्हणाले. मग "तू काही खाल्लंस का?" असं विचारलं. फोन ठेवला, आणि त्यानंतर जे केलं ते इतक्या आठवड्यांत कुणाला सांगितलेलं नाही. आमच्याकडे कुणाला काहीही झालं की ताईला फोन लावायचा, ही माझ्या अंगठ्याची जुनी सवय. माझ्या लेकीचा, रेवाचा ताप, ह्यांची पाठ, सांगलीच्या आईचं बीपी, सगळं ताईच्या कानावर घातल्याशिवाय आजार सुरूच व्हायचा नाही. तर त्या अंगठ्यानं ताईचाच नंबर लावला. मला तिला विचारायचं होतं, की झोपेत हृदय थांबतं तेव्हा माणसाला कळतं का गं? घंटा वाजत राहिली आणि मग ताईचा आवाज आला, इंग्रजीतला, थोडा खट्याळ: "मी एक तर ऑपरेशनमध्ये आहे नाहीतर बागेत. दोन्हीकडे हात भरलेले असतात. निरोप ठेवा." मी निरोप ठेवला. "ताई, वेळ झाला की फोन कर." आणि पुन्हा बर्फाकडे वळले... दोन फावडी बाजूला टाकल्यावर मग तिथंच बर्फात बसले.

ताई माझ्याहून बरीच मोठी. ती मिरजेला मेडिकलला होती तेव्हा मी प्राथमिक शाळेत. सुट्टीत मावशीकडे गेलं की इतर मुलींना त्यांच्या ताया सिनेमाला न्यायच्या. आमची ताई मला पलंगावर आडवी पाडून माझीच हाडं मला दाखवायची. त्या काळी मी इतकी हडकुळी होते की तिला वेगळ्या सांगाड्याची गरज नव्हती. (आज हे वाचून आमच्या घरातले लोक कोपऱ्यात जाऊन हसतील, हसू देत.) तिनं शिकवलेली हाडांची नावं मी कधीच विसरले, पण एक जागा विसरले नाही. गळ्याच्या पायथ्याशी, दोन्ही बाजूंची हाडं जिथं जवळ येतात तिथं मध्ये एक खळगी असते. बोट टेकवलं तर आत जातं. ताईनं तिथं बोट ठेवलं होतं. तिची बोटं कायम गार. मी किंचाळले. "ओरडू नकोस, लक्षात ठेव," ती म्हणाली. "माणसाचा नकाशा इथून सुरू होतो. इथून खाली, इथून डावीकडे, इथून उजवीकडे." मला वाटलं, शिकणाऱ्या माणसाची ही बडबड असेल. पुढं हीच खळगी तिच्या आयुष्याचं काम होईल असं तेव्हा तिलाही वाटलं नसणार.

ती इकडे आली, हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात प्लास्टिक सर्जन झाली. नाक सरळ करणाऱ्यातली नव्हे. भाजलेली, कापलेली, आजारानं काही काढून टाकावं लागलेली माणसं तिच्याकडे यायची आणि ती गेलेलं परत उभं करायची. बऱ्याच वर्षांनी ह्यांच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमागून मी आले. भाऊजी गेल्यावर आणि निखिल नोकरीसाठी लांब गेल्यावर आमचे रविवार ताईकडे ठरलेले. डोंगराच्या कडेला तिचं घर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली पोलादाच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसायच्या. तिला स्वयंपाकातलं एकच यायचं, थालीपीठ. पण ते असं थापायची की कडेला एक चीर दिसायची नाही.

२०१६च्या आसपासची गोष्ट असेल. त्या रविवारी ती थालीपीठ थापता थापता थांबली आणि म्हणाली, "विजू, मी एका बाईला दुसरीचंच अंग दिलं गं."

ही बाई म्हणजे इफुआ. हे तिचं खरं नाव नव्हे. "लिही, पण माझं नाव लिहू नकोस आणि आकडे तर मुळीच नकोत," असं तिनं मला बजावलंय. मूळची घानाची, हॅमिल्टनला शाळेची बस चालवते, पन्नाशीची, उंच, खर्जातल्या आवाजाची. कर्करोगामुळे तिचा डावा स्तन काढावा लागला होता. ताईनं तो पुन्हा घडवला. आणि दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून, रीत असते तशी, उजवी निरोगी बाजूही उचलून बेताची करून घेतली. हे सगळं अंदाजानं करत नाहीत. त्या गळ्याखालच्या खळगीपासून स्तनाग्र किती अंतरावर असावं, तिथून खालची घडी किती, रुंदी किती, याची मापं पुस्तकात दिलेली असतात. ताईनं ती तंतोतंत पाळली होती. टाके असे की तिच्या हाताखालची मुलं बघायला यायची. पट्ट्या निघाल्यावर इफुआ पहिल्यांदा आरशासमोर उभी राहिली, खूप वेळ बघत राहिली, आणि म्हणाली, "सुंदर आहेत, डॉक्टर. कुणाचे आहेत?"

"मला वाटलं, थट्टा करतेय," ताई म्हणाली. "मी हसले सुद्धा. ती नाही हसली."

पुस्तकातली मापं, ताईनं मला सांगितलं, बहुतेक करून गोऱ्या बायकांची. त्यातही तरुण, सडपातळ. पश्चिम आफ्रिकेतल्या बायकांची ठेवण वेगळी. अंतरं वेगळी, भार वेगळा, वयाबरोबर उतरण्याची तऱ्हा वेगळी. त्यात कमीजास्त काही नाही, वेगळं आहे इतकंच. "आणि इतकी वर्षं मी ते पुस्तक उघडून शिकवतेय. त्यातली बाई मला रस्त्यात एकदाही भेटलेली नाही. आरशात तर नाहीच नाही. तरी सुचलं नाही बघ."

"मग आता पुन्हा कर की ऑपरेशन," मी म्हणाले. मला सगळंच उसवून पुन्हा शिवता येण्यासारखं वाटतं.

"कशावरून करू? डावा रोगानं नेला, उजवा पुस्तकानं. तिचं मूळ माप तिच्या अंगावर आता कुठंच उरलेलं नाही." तिनं ओल्या बोटांनी थालीपिठाला भोक पाडलं आणि त्या भोकाकडेच बघत राहिली. "न्हाणीघरातल्या आरशावर तिनं टॉवेल टाकून ठेवलाय. बसचे आरसे तेवढे बघते म्हणाली, त्यात मागची पोरं दिसतात, आपण दिसत नाही."

त्या दिवशी थालीपीठ करपलं. ताईच्या घरात तसं कधी झालं नव्हतं.

उपाय एकच होता, आणि तो तिनं थोड्याच दिवसांत हातात घेतला. इफुआसारख्या, तिच्याच भागातून आलेल्या, अंगानं धडधाकट अशा बायकांची मापं घ्यायची. हॉस्पिटलची रीतसर परवानगी काढली, प्रत्येकीची संमती घ्यायचं ठरलं, इफुआच्या चर्चच्या बायकांनी शनिवारी आपली बेसमेंटमधली खोली द्यायचं कबूल केलं. मदतीला एक बाईमाणूस हवं होतं, टेपचं दुसरं टोक धरायला आणि आकडे कॉम्प्युटरवर चढवायला. ताईनं मला तो मान दिला. माझी पात्रता? "तू बाई आहेस, तुला टाइप करता येतं, आणि शनिवारी तू काहीच करत नाहीस." तिन्हींतलं एकही नाकारता आलं नाही.

सराव तिच्या घरच्या बेसमेंटमध्ये. आणि सरावासाठी देह कुणाचा, तर पुन्हा माझाच. लहानपणी सांगाडा होते, आता सांगाड्यावर बरंच बांधकाम झालेलं. "पोट आत घेऊ नकोस," ताई म्हणाली, "पोट मला नकोच आहे." उभं राहण्याची पद्धत प्रत्येकीची सारखी हवी, टाचांत अंतर सारखं, खांदे सैल, नाहीतर मापं फसतात. मी दर वेळी वेगळीच उभी राहायचे. शेवटी वैतागून ती म्हणाली, "तुझ्या गाडीत ती योगा मॅट आहे ना, ती आण."

त्या मॅटची कहाणी दुःखद आहे. नव्या वर्षाच्या संकल्पापायी घेतलेली, वर मार्करनं मोठ्या ऐटीत नाव घातलेलं, आणि एकदा वापरून गाडीच्या डिकीत निर्वासित झालेली. ताई अनवाणी तिच्यावर उभी राहिली आणि माझ्या हातात जांभळं पेन दिलं. ऑपरेशनच्या आधी अंगावर खुणा करतात, ते. "माझ्या पावलांभोवती रेघ काढ. मग ज्या येतील त्या सगळ्या इथंच उभ्या राहतील." मी गुडघ्यांवर बसून तिच्या पावलांभोवती पेन फिरवलं. आमच्या आजोळची एक खूण आहे, डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली असते. ताईची आहे, माझी आहे. तिथं रेघेला छोटा बाक आला.

"गौरीची पावलं काढल्यासारखं वाटतंय," मी म्हणाले.

"गौर चालत आत येते," ताई खाली बघत म्हणाली. "ही पावलं जागची हलायची नाहीत."

तिचं माप घेणं मी डोळे मिटूनही सांगू शकते. आधी चहाचा कप दोन्ही हातांत धरून बोटं ऊन करायची. माझ्या त्या किंचाळण्यातून तेवढं ती शिकली होती. मग खळगीत एक बोट. मग हलकेच, "श्वास सोड..." कारण छाती भरलेली असली की अंतर बदलतं. श्वास पूर्ण सुटला की टेप लागायची, क्षणभर सगळं थांबायचं, मग ताईच्या नाकातून एक बारीकसं "हं". आणि मग, "घे आता." चर्चमध्येही ती हे सगळं मराठीतच म्हणायची. तिथल्या एकाही बाईनं त्याचा अर्थ विचारला नाही. सोड म्हटलं की सोडायच्या, घे म्हटलं की घ्यायच्या.

पण हे नंतरचं. पहिल्या शनिवारी आम्ही दोघींनी मिळून असा घोळ घातला की सगळंच तिथं संपायचं. ऑपरेशनच्या खोलीत मोठ्यानं आकडे सांगायचे, दुसऱ्यानं टिपायचे, ही ताईच्या हाडात मुरलेली शिस्त. पडद्याआड पहिली बाई उभी राहिली आणि ताईनं खणखणीत आवाजात आकडे पुकारायला सुरुवात केली. मीही शहाणी, प्रत्येक आकडा परत म्हणून दाखवत होते. पडद्याबाहेर बायकांची हसण्या-बोलण्याची जी गजबज होती ती विरत विरत गेली. पडदा सारून बघितलं तर एक म्हातारी बाई आपली पर्स काखेला लावून जिना चढत होती. तिच्यामागून दुसरी. कुणी रागावलं नाही, कुणी बोललं नाही. आमच्याकडे सौम्यपणे बघून मान हलवायच्या आणि जायच्या. शेवटी आम्ही दोघी, ती मॅट आणि खुर्च्यांची रांग.

परतताना ताई माझ्याकडेच आली. संध्याकाळी माझा सांगलीला आईशी व्हिडिओ कॉल होता, मी तिला हे गमतीनं सांगायला गेले. पलीकडून आई कडाडलीच. "अगं, माणसाला असं मोठ्यानं मोजतात का? जेवणाऱ्याच्या पोळ्या कधी मोजल्यात आपण? आणि तुम्ही बाईच्या अंगाचे आकडे गावाला ऐकवताय! दोघी मोठ्या शिकलेल्या." ताई माझ्या शेजारीच बसली होती. "मावशी बरोबर बोलतेय," ती हळूच म्हणाली. "आजी पोरांची डोकीही मोजू द्यायची नाही, आठवतं?"

दुसऱ्या दिवशी ती इफुआकडे गेली. इफुआ म्हणाली, "आमचीही आजी आम्हाला मोजू द्यायची नाही. पण तुम्ही डॉक्टर, मला वाटलं तुमच्याकडे हे नसतं." ताई म्हणाली, "असतं. मी ते कोट घालताना काढून ठेवते."

त्यानंतर एकही आकडा त्या खोलीत बोलला गेला नाही. ताई टेपवर अंगठ्याचं नख टेकवायची, मी वाकून बघायचे, मुकाट्यानं टाइप करायचे. मध्ये फक्त ते "हं". इफुआनं दारोदार जाऊन सगळ्यांना परत आणलं, पर्स काखेला लावून गेलेल्या त्या म्हातारीला सगळ्यांत आधी. ती जांभळ्या पावलांवर उभी राहिली, खाली बघून म्हणाली, "हे पाय कुणाचे?" ताई म्हणाली, "माझे." म्हातारीनं आपली पावलं त्यात नीट बसवली, थोडी मोठी होती, आणि म्हणाली, "मग तू पण उभी आहेस म्हणायची, आमच्याबरोबर." पुढं कित्येक शनिवार गेले, कित्येक जणी आल्या. किती, ते सांगत नाही. ताईला चाललं नसतं.

मला त्या शनिवारांचं वेड लागलं होतं हे आता कबूल करायला हरकत नाही. बायका डब्यातून भात आणायच्या, झणझणीत, कोल्हापूरकरांनी पाणी मागावं असा. मी माझं थालीपीठ न्यायचे, ते त्या सभ्यपणे संपवायच्या. पडद्याआड मात्र मस्करी नसायची. तिथं एकेक बाई श्वास सोडून उभी असायची आणि ताई तिच्याकडे नकाशा बघावा तशी नव्हे, नकाशाच चुकलाय हे कळलेल्या माणसासारखी बघायची. एकदा सामान आवरताना मी म्हणाले, "आपल्या बायकांचं माप कुठल्या पुस्तकात आहे गं?" "कुठल्याच नाही," ती मॅट गुंडाळत म्हणाली. "हे होऊ दे. मग मिरज-सांगलीपासून सुरू करू. तू येशीलच, तुला शनिवारी काय काम?"

मापं पुरेशी झाली, तिनं ती मांडली, इफुआचं वय, उंची, बांधा यांच्या जवळचे आकडे काढले, आणि गेल्या शरद ऋतूत इफुआचं दुसरं ऑपरेशन केलं. त्या आठवड्यात ताई रोज रात्री तेच आकडे पुन्हा तपासत बसायची, इतकी ती धास्तावली होती. ऑपरेशन नीट झालं. पण अशा कामाचं खरं रूप लगेच दिसत नाही. सूज उतरायला, अंगानं ते आपलं म्हणायला काही महिने जावे लागतात. इफुआनं तोवर आरशात बघणार नाही असं ठरवलं होतं. "शेवटचं माप डॉक्टर घेतील तेव्हाच बघेन." तो दिवस फेब्रुवारीच्या अखेरीस ठरला होता. ताई दर रविवारी विषय काढायची. "बरोबर झालं असेल ना, विजू?" मला, जिला डावं-उजवं कळायला हातातली बांगडी बघावी लागते, तिला ती हे विचारायची. आमच्या शेवटच्या भेटीतही दारात बूट चढवत होते तेव्हा म्हणाली, "तिनं परत विचारलं तर, की कुणाचे आहेत?" मी म्हणाले, "मग सांग, तुझेच." ताई नेहमीसारखं हसली नाही.

तो दिवस उजाडायच्या आधीच ती गेली.

निखिल आला, घर आवरायला आठवडाभर राहिला. आईची भांडी, कोट, पुस्तकं खोक्यांत भरताना त्याचा चेहरा ऑफिसच्या कामात असल्यासारखा. बेसमेंटमधून तो मॅट घेऊन वर आला. "मावशी, धिस इज युवर्स, राइट? युवर नेम इज ऑन इट." त्यानं ती जमिनीवर उलगडली आणि थांबला. "हूज फीट?"

"तुझ्या आईची."

तो वाकला, डाव्या पावलाच्या करंगळीपाशी रेघेला जो बाक आहे त्यावर बोट फिरवत राहिला. मग आपला मोजा काढून स्वतःची करंगळी बघितली. तीही चढलेली. लहानपणानंतर पहिल्यांदाच तो माझ्याशी सबंध वाक्य मराठीत बोलला. "तू ने ही, मावशी. मला नाही बघवत."

मार्चमध्ये एका दुपारी इफुआ माझ्याकडे आली, शाळेची बस उभी करून, तसाच तो पिवळ्या पट्ट्यांचा कोट घालून. क्लिनिकमध्ये ताईची विद्यार्थिनी ते राहिलेलं शेवटचं माप घेणार होती, दुसऱ्या दिवशी. "ती हुशार मुलगी आहे," इफुआ म्हणाली. "ती उद्या घेईल. पण त्याआधी मला त्या पावलांवर उभं राहायचंय. टेप तू धर."

मी म्हणाले, "मी फक्त दुसरं टोक धरायचे गं. मला काही येत नाही."

"तू बघितलंयस. तेवढं बास."

वरच्या बेडरूममध्ये आम्ही मॅट पसरली. कपाटाच्या आरशाला इफुआनं पाठ केली. मॅटचा रंग सगळीकडे सारखा होता, पण त्या दोन पावलांच्या आत ती झिजून गुळगुळीत झाली होती. इतक्या जणी ताईच्या पावलांत उभ्या राहून गेलेल्या. मी चहा केला, प्यायला नव्हे, कप हातात धरायला. बोटं ऊन झाली. मग त्या खळगीत बोट ठेवलं. आत काहीतरी धडधडत होतं, तिचं की माझं कळेना. "श्वास सोड," मी मराठीत म्हणाले, आणि माझ्या तोंडून तो ताईचा आवाज निघाला. आम्ही दोघींनी तो ऐकला. इफुआच्या अंगावर शहारा आलेला माझ्या बोटाला कळला. तिनं श्वास सोडला. मी टेप लावली, नख टेकवलं, वाकून बघितलं. चर्चच्या त्या खोलीत मला जे आकडे डोळ्यांनी पाठ झाले होते त्यांच्यातलाच एक होता. मी बोलले नाही. नाकातून "हं" एवढं आलं.

"घे आता."

इफुआनं श्वास घेतला. मग पावलांवर उभ्या उभ्याच, टाचा न उचलता, मान वळवली, मग खांदे, मग टाचा उचलून सगळीच वळली आणि आरशासमोर झाली. मी बाहेर जायला निघाले तर म्हणाली, "थांब." किती वेळ बघत होती कुणास ठाऊक. खाली फ्रीजची घरघर ऐकू येत होती. मला वाटलं, आता विचारेल, कुणाचे आहेत. मी उत्तर जुळवत होते. पण तिनं काही विचारलं नाही. आपल्या डाव्या स्तनाखालच्या घडीवर, जिथं तिची आजी, आई, बहिणी सगळ्यांची असते तिथं, तळहात ठेवला, जसं बाळाला थोपटायला ठेवतात, आणि आरशातल्या बाईला आपल्या भाषेत हळूच काहीतरी म्हणाली. ते माझ्यासाठी नव्हतं. मग कपडे घातले, कोट घातला, मुलांची शाळा सुटायची वेळ झाली म्हणून निघाली. दारात मला म्हणाली, "डॉक्टरांना सांग."

कसं सांगू ते मी विचारलं नाही. ताईचा नंबर अजून लागतो. निखिलनं मुद्दाम बंद केलेला नाही.

इफुआ गेल्यावर मी वर आले. तिच्या उघड्या पावलांची ओल मॅटवर उमटली होती, ताईच्या रेघांच्या आत. बघता बघता ती आटली, आधी बोटं, मग टाचा... जांभळ्या रेघा तेवढ्या राहिल्या. मॅट गुंडाळायला वाकले आणि काय वाटलं कुणास ठाऊक, मोजे काढले आणि वर उभी राहिले. माझी डावी करंगळी त्या बाकात अशी जाऊन बसली की जणू रेघ माझ्याच पायाभोवती काढली होती. गळ्याखाली बोट ठेवलं. गार होतं, चहा निवला होता. श्वास सोडला, पूर्ण, तिला लागायचा तेवढा, आणि तशीच थांबले.

"घे आता" कुणी म्हणालं नाही. मी बराच वेळ वाट बघितली.